श्वेंकबाईंना विचारा

बालिंगेनच्या शेतकरी सहकारी संघाच्या संगणक केंद्रात कुठलीही गोष्ट एकटी नसे. वीज दोन बाजूंनी यायची, एक गावाकडून आणि एक पिठाच्या गिरणीकडून. मोठ्या मशीनला थंड ठेवणारे पाण्याचे पंप दोन. टेपांच्या प्रती दोन, त्यातली एक केंद्रात आणि दुसरी गावाच्या पार पलीकडे धान्याच्या कोठाराखाली, म्हणजे केंद्राला आग लागली तरी कुणी किती बियाणं नेलं हे कळायला हवं. कॉफीची यंत्रंसुद्धा दोन, कारण १९८१ साली एक बिघडलं होतं, आणि इकडचा, दक्षिण जर्मनीतला, श्वाबी माणूस असली गोष्ट विसरत नाही.

श्वेंकबाई मात्र एकच होत्या.

मशीन अडलं, श्वेंकबाईंना विचारा. टेप फिरेना, श्वेंकबाईंना विचारा. श्टुटगार्टहून टाय लावून आलेला इंजिनिअर तासभर जाडजूड पुस्तकं चाळायचा आणि शेवटी घाम पुसत तिसऱ्या मजल्यावर यायचा. बाई मान वर न करता विचारायच्या, "तिसऱ्या कपाटाची खालची कळ बघितलीत?" त्याने बघितलेली नसायची. हे सगळं त्यांना मनापासून आवडायचं, पण तसं त्या मेल्या तरी कबूल करणार नाहीत.

रोस्विटा श्वेंक पंधराव्या वर्षापासून मोज्यांच्या गिरणीत टाचा शिवायच्या. सव्विसाव्या वर्षी संघात संगणकासाठी माहितीची कार्डं छिद्रायला माणूस हवं होतं, तिथे लागल्या. कार्डं छिद्रता छिद्रता आपण हे कशासाठी करतो आहोत असा प्रश्न त्यांना पडला, आणि तो पडायला नको होता अशा जागी पडला म्हणून साहेब चिडले. बाईंनी मग शब्दकोश शेजारी ठेवून इंग्रजी पुस्तकं वाचून काढली. पाच वर्षांनी साहेबच त्यांना विचारायला येऊ लागले. लग्न झालं नाही. एकाने विचारलं होतं, पण तेव्हा त्या नव्या डिस्कची जोडणी करत होत्या. "नंतर," म्हणाल्या. नंतर तो काही आला नाही, आणि बाईंच्याही ते उन्हाळ्यापर्यंत लक्षात आलं नाही.

१९९८ च्या शरदात संघाने नवं मशीन घेतलं. जुनं तळघरात होतं तिथेच बंद करून ठेवलं, मार्चअखेर भंगारात द्यायचं ठरलं. आणि योगायोग असा, की श्वेंकबाईंनाही मार्चअखेरच मुदतपूर्व निवृत्ती द्यायची ठरली. दोन्ही निर्णय एकाच पत्रकात होते, एकाखाली एक. बाईंनी ते पत्रक दोनदा वाचलं आणि घडी करून कोटाच्या खिशात ठेवलं. निवृत्तीचं त्यांना एवढं नव्हतं. पण एकतीस वर्षं डोक्यात साठवलेलं सगळं आता बागेतल्या मुळ्यांना सांगत बसायचं की काय, या विचाराने त्यांना जेवण जाईना.

अशात त्यांना बेकरीच्या फळ्यावर एक चिठ्ठी दिसली. "जुनं मेनफ्रेम समजणारी व्यक्ती हवी. पगार नाही. बिअर मिळेल. दर मंगळवारी, 'लाम' खानावळ, मागची खोली."

मागच्या खोलीत पाचजण होते. त्यांच्यात बोलणारे दोन. एक एबिंगरमास्तर, गणिताचे शिक्षक, दाढी आणि नियम दोन्ही व्यवस्थित राखलेले. दुसरी नुराय अक्साकाल, विणकामाची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात प्रोग्रॅम लिहिणारी सव्वीस वर्षांची मुलगी. तिचे वडील तुर्कस्तानातल्या कायसेरीहून याच गावातल्या गिरणीत कामाला आले होते आणि ती बोलायला लागली की अस्सल बालिंगेनची वाटायची, तोंडाळपणासकट.

ही मंडळी 'आम्सेल' नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमची भक्त. ही सिस्टिम कुणा कंपनीच्या मालकीची नाही. तिचं पोट सगळ्यांना उघडं, कुणीही वाचावं, कुणीही सुधारावं, फुकट वापरावं. घरगुती संगणकांवर ती छान चालायची. आता यांना ती मेनफ्रेमवर, म्हणजे संघाच्या तळघरातल्यासारख्या अवाढव्य मशीनवर, चालवायची होती.

"कशाला?" श्वेंकबाईंनी विचारलं.

"कुणी केलं नाही म्हणून," नुराय म्हणाली. "तू बस ना. काय घेशील?"

श्वेंकबाईंचा हात खुर्चीच्या पाठीवरच थांबला. संघात शेजारच्या टेबलावरच्या माणसाशी त्या बावीस वर्षं 'अहो' म्हणून बोलत होत्या. "आपण एकत्र डुकरं राखली होती का हो?" त्यांनी विचारलं.

"इथे सगळेच एकमेकांना 'तू' म्हणतात," मास्तर घाईघाईने म्हणाले. "जगभर तशी पद्धत आहे, आम्सेलवाल्यांत."

"जग गेलं चुलीत. मी श्वेंकबाई."

"बरं, श्वेंकबाई, तुम्ही बसा," नुराय म्हणाली आणि आपली योजना पुढे केली. एक पान होतं. वर शीर्षक, खाली चार ओळी, आणि शेवटची ओळ अशी: शनिवारी सुरू करू.

बाईंनी चष्मा लावला. पान वाचलं. मग त्या पानाच्या मागच्या बाजूला लिहू लागल्या. लिहीत राहिल्या. बिअर आली, तिचा फेस बसला तरी लिहीतच होत्या. शेवटी एक्केचाळीस प्रश्न झाले. मशीन बंद पडलं तर कोण उठवणार? डिस्क बोलली नाही तर? अर्ध्यावर वीज गेली तर? आधी काय तपासायचं, मग काय, आणि फसलं तर मागे कसं यायचं?

"मागे कशाला यायचं?" मागून एकजण म्हणाला.

"अहो, मेनफ्रेमवाला घरातून बाहेर पडायच्या आधी परतीचं तिकीट काढतो," बाई म्हणाल्या. "तुम्ही लोक विहिरीत उडी टाकता आणि मग दोर कुठे मिळतो ते विचारता."

नुराय खदाखदा हसली. त्या हसण्यानेच बाई अडकल्या. पुढच्या मंगळवारी त्या आल्या, त्याच्या पुढच्याही आल्या, आणि योजनेचं एक पान होतं त्याची चौसष्ट झाली.

यातले तीन मंगळवार मात्र वाया गेले, त्याचं श्रेय एबिंगरमास्तरांना. इकडे तीन माणसं एका बाकावर बसली की त्यांची रीतसर संस्था होते. मास्तर म्हणाले, प्रकल्प करायचा तर संस्था हवी, संस्थेला घटना हवी, आणि नोंदणीला सात संस्थापक हवेत. श्वेंकबाई धरून सहा झाले. सातवा म्हणून खानावळीच्या मालकाला धरून आणलं. त्याला आम्सेल म्हणजे पक्षी एवढंच ठाऊक होतं, पण मंगळवारची खोली भरलेली राहील म्हणून त्याने सही ठोकली. मग वाद सुरू झाला नवव्या कलमावरून: संस्था विसर्जित झाली तर मालमत्ता कुणाकडे जाणार? मालमत्ता म्हणजे एक विजेची लांब वायर. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. तिसऱ्या मंगळवारी श्वेंकबाई उठून म्हणाल्या, "वायर मला द्या, मी मास्तरांना तिने बांधून ठेवते." ठराव सहा विरुद्ध एक असा मंजूर झाला आणि पुढचं काम सुरू झालं.

तळघरातलं जुनं मशीन वर्षभर वापरायला मिळावं म्हणून जानेवारीत बाई नुरायला घेऊन झाउटरसाहेबांकडे गेल्या. झाउटर केंद्राचे प्रमुख, कमी बोलणारे, आणि वाईट माणूस मुळीच नव्हे. शिव्या दिल्या नाहीत म्हणजे कौतुकच समजायचं, ही इकडची रीत, आणि झाउटरसाहेबांनी एकतीस वर्षांत बाईंना एकही शिवी दिली नव्हती. त्यांनी चौसष्ट पानं शांतपणे वाचली. मधूनमधून पेन्सिलीने समासात रेघ मारत होते. बाईंना वाटलं, आवडलेल्या जागा.

"उत्तम योजना," साहेब म्हणाले. एवढी स्तुती ऐकून बाई दचकल्याच. "प्रत्येक पायरीला पर्याय आहे. डिस्कला पर्याय, टेपला पर्याय, विजेला पर्याय. आता या रेघा मोजा."

नुरायने मोजल्या. तेवीस होत्या. आणि प्रत्येक रेघेशेजारी बाईंच्याच नीटस अक्षरात एकच वाक्य होतं: शंका आल्यास श्वेंकबाईंना विचारा.

"या केंद्रात जोड नसलेली एकच वस्तू आहे," साहेब म्हणाले, "ती एप्रिलपासून घरी बसणार आहे. उद्या तुम्ही जिन्यावरून पडलात तर?"

"मी कशाला पडेन?" बाई म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता. पंपाचा सुद्धा जोड ठेवणारी बाई स्वतःला मोजायचंच विसरली होती. चूक भयंकर होती आणि धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही कळावी अशी होती. त्यांचे कान लाल झाले.

साहेबांनी अट घातली. एकतीस मार्चला, बाईंच्या शेवटच्या दिवशी, नुरायने एकटीने तळघरात जायचं. बाईंनी वरच्या उपाहारगृहात बसायचं. दुपारी दोनच्या आत मशीन उठलं आणि पडद्यावर आम्सेलने आपलं नाव लिहिलं, तर तळघर वर्षभर संस्थेचं. नाही उठलं, तर दुसऱ्याच दिवशी भंगारवाला येतोच आहे.

दुसऱ्या दिवसापासून नुराय कारखान्यातून सुटली की थेट बाईंच्या स्वयंपाकघरात. टेबलाच्या एका टोकाला पानं, दुसऱ्या टोकाला मसूर आणि हाताने खरवडून सोडलेल्या जाड शेवयांचं, श्पेट्झलेंचं, पातेलं. बाई सोबतचे डुकराचे सॉसेज तिच्या ताटात वाढत नसत. तेवीस जागा होत्या, एकेक घ्यायची, आणि बाईंनी 'हे काय लिहायचं, एवढं तर कळतंच' म्हटलं की नुरायने मुद्दाम तेच लिहायचं.

"पंप सुरू केला की जरा थांबायचं," बाई म्हणायच्या.

"जरा म्हणजे किती?"

"आवाज बदलेपर्यंत."

"कसा बदलतो?"

बाईंनी तोंडाने काढून दाखवला. नुरायने डोळे मिटून ऐकला. "हे कागदावर कसं लिहू?" शेवटी तिने घड्याळ लावून चार मिनिटं असं लिहिलं. बाईंना ते अपमानकारक वाटलं.

फेब्रुवारीत पहिली चाचणी झाली, बाई शेजारी उभ्या असताना. मशीन पहिल्याच पावलाला थिजलं. दुसऱ्यांदा केलं, पुन्हा थिजलं. तिसऱ्यांदा तेच. दोघी घरी येऊन पानावर ओणव्या झाल्या. मशीनच्या पोटात शून्य आणि एक अशा बत्तीस घरांची एक रांग होती. बाईंनी लिहिलं होतं, बाराव्या घरात एक ठेवा. नुराय शपथेवर सांगत होती, बाराव्या घरातच ठेवलाय.

"दाखवा बरं बोटाने," बाई म्हणाल्या.

नुरायने उजवीकडून मोजायला सुरुवात केली.

"अगं कार्टे!" बाई ओरडल्या. "डावीकडून! उजवीकडून कोण मोजतं?"

"अख्खं जग!"

"कुठलं जग?"

"मेनफ्रेम सोडून सगळं!"

बाई मटकन खुर्चीत बसल्या. एकतीस वर्षांत त्यांच्या अवतीभवतीचा प्रत्येक माणूस डावीकडून मोजत आला होता. दुसरं टोक असतं, हेच कधी कुणाच्या मनात आलं नव्हतं. म्हणजे आपल्याला जे माहीत आहे ते लिहिणं सोपं. पण जे माहीत आहे हेच माहीत नाही, ते कुठून आणायचं? अशा आणखी किती गोष्टी असतील? पहिल्यांदाच त्यांना खरी भीती वाटली, की हे सगळं आपल्याबरोबरच जाणार.

"तू मला 'अगं कार्टे' म्हणालीस," नुराय म्हणाली.

"तोंडातून निघून गेलं. माफ करा."

"माफ नाही करत. इकडची रीत मला माहितीये. वयाने मोठ्या माणसाने एकदा 'तू' म्हटलं की परत फिरता येत नाही." तिने कपाटातली वाईनची बाटली काढली, बाईंना अर्धा पेला आणि स्वतःला सफरचंदाचा रस ओतला. "मी नुराय."

बाईंनी पेल्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "रोस्विटा," त्या गुरगुरल्या. "आणि आता पहिल्या पानापासून. मी लहान पोर आहे असं समजून मला सगळं विचार."

त्यानंतर सहा आठवडे नुरायने बाईंचा पिच्छा पुरवला. कपाटाचं दार कुठल्या हाताने उघडायचं? दिवा हिरवा म्हणजे नक्की कुठला हिरवा? बाई वैतागायच्या, पातेलं आपटायच्या आणि उत्तरं द्यायच्या. कधीकधी उत्तर देता देता मध्येच गप्प व्हायच्या, कारण आपण ती गोष्ट अशी का करतो हे त्यांनाही पहिल्यांदाच कळत होतं. एक एक करून तेवीसच्या तेवीस जागा भरल्या. शेवटची रेघ पुसली त्या दिवशी नुराय टाळ्या पिटत होती आणि बाई भांडी घासत होत्या, पाठ वळवून, जरा जास्तच वेळ.

एकतीस मार्चला, बुधवारी, बारा वाजता नुराय पानांचा गठ्ठा घेऊन तळघरात उतरली. उतरण्याआधी बाईंनी तिला जिन्यावर गाठलं. "उपाहारगृहात भिंतीवर फोन आहे. अडलं तर वाजव. मी मागच्या जिन्याने येते. झाउटरला कळणार नाही."

"ही लबाडी झाली, रोस्विटा."

"हा परतीचा मार्ग झाला. नंबर बारा."

वर निरोप समारंभ मांडला होता. लोणी लावलेले ब्रेत्झेल नावाचे गाठीचे पाव, बटाट्याचं कोशिंबिरीसारखं सॅलड, लहान पेल्यांतून फेसाळ वाईन. झाउटरसाहेब नऊ मिनिटं बोलले, म्हणजे त्यांच्या वर्षभराचं बोलणं झालं. संघातर्फे बाईंना बागेत बसायची घडीची खुर्ची मिळाली. दोन मिळाल्या, संघच तो. सगळे हसले. बाईही हसल्या आणि भिंतीवरच्या फोनखालची जागा धरून उभ्या राहिल्या.

साडेबारा झाले. आता पंप लागला असेल. पाऊण झाला. आता पहिली टेप. लोक येऊन हात हातात घेत होते, आता मजा, आता भटकंती, म्हणत होते. बाई "हो, हो" म्हणत होत्या. एक वाजला. फोन वाजला नाही. बाईंनी रिसीव्हर उचलून कानाला लावून बघितला, चालू होता. कुणी विचारलं तर म्हणाल्या, धूळ पुसत होते.

सव्वाला त्यांना वाटलं, पोरगी घाबरली असेल, फोन करायची लाज वाटत असेल. दीडला वाटलं, तिला विजेचा झटका बसला. पावणेदोनला त्यांना फोनचाच राग आला, मग नुरायचा आला, आणि मग स्वतःचा आला. कारण त्यांना स्वच्छ कळलं की फोन वाजावा असं आपल्याला वाटतंय. दोन महिने जिवाचं रान करून ज्या गोष्टीसाठी धडपडलो, तीच होऊ नये असं मनाच्या एका कोपऱ्यात वाटतंय. काय कोडगं मन असतं माणसाचं!

दोनला पाच मिनिटं कमी असताना दार उघडलं. नुराय आत आली. कोपरापर्यंत काळे हात, केसांत जळमट. ती सरळ झाउटरसाहेबांकडे गेली आणि आम्सेलचं नाव छापलेला एक कागद त्यांच्या हातात दिला. साहेबांनी वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. मग म्हणाले, "मी खाली जाऊन डोळ्यांनी बघतो," आणि गेले. पाच मिनिटांनी परत आले ते तळघराची किल्ली हातात घेऊन. ती त्यांनी नुरायसमोर ठेवली आणि ब्रेत्झेल घेतला.

नुराय बाईंच्या शेजारी भिंतीला टेकली. "खायला काय आहे?"

"नीट झालं सगळं?"

"कुठलं! दोनदा अडलं. पहिली डिस्क हूं की चूं करेना. मग ती सोडलीच, दुसरीवरून उठवलं. ते करायला दोन वायरी फिरवाव्या लागल्या."

"ते योजनेत नाही!"

"आता आहे. पासष्टावं पान. मी लिहून टाकलं."

बाईंनी तिच्या हातातून पान ओढून घेतलं. तेलकट बोटांचे डाग पडले होते. अक्षर घाईचं, वाकडंतिकडं. त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, चूक शोधत. चूक नव्हती. असं करता येतं हे त्यांना स्वतःला सुचलं नसतं.

"आणि फोन का नाही केलास?" त्यांनी विचारलं. आवाज नको तेवढा बारीक निघाला.

नुराय बटाट्याचं सॅलड तोंडात कोंबत होती. "वेळच नव्हता, रोस्विटा," ती म्हणाली. "काम चालू होतं ना. डोक्यातच आलं नाही."

श्वेंकबाईंनी चष्मा काढला. एकतीस वर्षांत त्या कधी कुणासमोर रडल्या नव्हत्या, त्या आता सगळ्या संघासमोर, ब्रेत्झेलच्या परातीशेजारी उभ्या राहून रडल्या. केंद्रातल्या मुली धावत आल्या, कुणी रुमाल दिला, कुणी पाठीवरून हात फिरवला, एवढ्या वर्षांची नोकरी सोडायची म्हणजे असं होणारच, म्हणाल्या. बाईंनी त्यांना तसंच समजू दिलं. आपल्यावाचून अडलं नाही, याचं त्यांना फार वाईट वाटत होतं, आणि याहून चांगलं आपल्या हातून आयुष्यात काहीच झालं नाही, हेही त्यांना त्याच क्षणी कळत होतं. नुराय तोंडातला घास तसाच ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली.

"काय झालं? काही चुकलं का पानात?"

"नाही," श्वेंकबाई म्हणाल्या. "खा तू."